पंपातलं उरलेलं परसात नको
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला जमलेल्या बैठकीत आज आम्ही भेंडी-वांग्यावरच्या अळ्यांची गोष्ट काढतो आहोत. हसू नका. ऐकून घ्या.

गेल्या नवरात्रात आम्ही ठाण्याला गेलो होतो. टेंभी नाक्याच्या देवीची गर्दी ओलांडून जवळच्या एका चाळीत मावशीकडे उतरलो. तिच्या गॅलरीत दहा-बारा कुंड्या. लिंबू, कढीलिंब, मिरची, एक वांगं. लिंबाच्या पानावर चिमणीची शीट पडावी तसं काही दिसलं. मावशीनं ते काडीनं उचलून साबणाच्या पाण्यात टाकलं. ती अळी होती. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, डिवचली की नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडते. हे आम्ही पदवीला पुस्तकात वाचलं. मावशी रोज सकाळी पानं उलटून बघते.

मग ती म्हणाली, "तू शेतीतला शिकलेला. कापसाचं ते औषध थोडं आणलं असतंस तर माझी रोजची वेचणी सुटली असती." आम्ही म्हणालो, मावशी, ज्या पानाची उद्या फोडणी घालायची त्यावर ते मारत नसतात.

बोललो खरं, आणि आमचीच जीभ आम्ही चावली. गावाकडे काय होतं? संध्याकाळी पंप घरी येतो. तळाशी लिटर-दोन लिटर उरलेलं असतं. महागाचं औषध, फेकवत नाही. मग ते कुंपणावरच्या वालावर जातं, भेंडीवर जातं. दोन दिवसांनी तीच भेंडी पोरांच्या ताटात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. ते विष श्वासातून, कातडीतून गेलं. ताटातून रोज थोडं थोडं जातं त्याची नोंद कोणत्या दवाखान्यात होते? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालीच बंदी झाली. आपल्यापैकी किती जणांना दुकानदारानं ते सांगितलं? फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, हे लेबलवर पिकागणिक दिलेलं असतं. भेंडीसाठी नसलेल्या औषधावर भेंडीचे दिवस सापडणार कुठून?

आम्ही काही सेंद्रियची माळ घालून आलेलो नाही. शहरातली माणसं सांगतात, अळ्या हातानं वेचा. बारा कुंड्यांत जरूर वेचा. चार एकर कापसात वेचायच्या तर मजुरी कोण देणार? आणि घरची बाई वेचते तेव्हा तिची मजुरी उत्पादनखर्चात धरतं कोण? पण परस म्हणजे चार एकर नव्हे. चार वाफे आहेत. तिथं विषाशिवाय भागतं, आणि तो हिशेब आपल्या बाजूचा आहे.

पानाखाली तपकिरी केसांनी झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला, किंवा पान जाळीदार होऊन त्यावर बारक्या अळ्या घोळक्यानं बसलेल्या दिसल्या, की तेवढं पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. आठ दिवसांनी त्याच अळ्या साऱ्या वाफ्यात पांगतात, मग हाती लागत नाहीत. वांग्याचा शेंडा मान टाकून वाळला तर आत अळी आहे. शेंडा चांगल्या भागापर्यंत खुडून नष्ट करा, उकिरड्यावर टाकू नका. शेवग्यावरचे सुरवंट दिवसा बुंध्यावर गोळा होऊन बसतात, तेव्हाच त्यांना गाठायचं. उघड्या हातानं नाही, अंगाला आग होते.

आणि निंबोळी. जून-जुलैत आपल्या बांधावर तिचा सडा पडतो आणि पायाखाली जातो. गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. ५० ग्रॅम कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. उन्हात तिचा गुण उडतो. सकाळी अळ्या मेलेल्या दिसणार नाहीत. पण त्या खाणं सोडतात, त्यांना कात टाकता येत नाही. बोटाएवढी झालेली अळी मात्र निंबोळीला दाद देत नाही, ती वेचायचीच. याच निंबोळीच्या तेलावर अमेरिकेतल्या एका कंपनीला आणि तिथल्या सरकारला युरोपात १९९४ साली पेटंट मिळालं होतं. ते २००० साली रद्द झालं. परक्यांना कळलेली तिची किंमत आपल्याला कळू नये?

परसाकडे कापसासाठीही बघा. भेंडी कापसाच्याच कुळातली. ठिपक्यांची बोंडअळी आणि शेंदरी बोंडअळी दोन्ही भेंडीवर जगतात. टोमॅटो पोखरणारी अळी तीच आपली हिरवी बोंडअळी, जी ज्वारीच्या कणसातही शिरते. किडकी भेंडी, किडका टोमॅटो कुंपणापलीकडे भिरकावला तर अळी शेतात आपण होऊन पोचवली.

राहता राहिलं पंपातलं उरलेलं. औषध मोजून, लागेल तेवढंच कालवा. तरी उरलं तर पाणी घालून पातळ करा आणि त्याच कापसावर संपवून या. पंप विहिरीपासून, गुरांच्या पाण्यापासून लांब धुवा. निंबोळीसाठी हा पंप घ्यायचा नाही, कितीही धुतला तरी. मावशीकडे निंबोळी मारायला बाजारातली हातात धरायची प्लास्टिकची फवारणी आहे. चार वाफ्यांना तेवढी पुरते.