दवाखान्यातली बिनसुईची कामं



शेतीवर भागत नाही, म्हणून पुष्कळ जण दुसरं काम शोधतात. दवाखान्यात काम मिळावं असं काहींना वाटतं. पण लगेच मनात येतं, 'आपण डॉक्टर नाही, नर्सबाई नाही. रक्त पाहिलं की भोवळ येते. आपला तिथं काय उपयोग?'

उपयोग आहे. घरात स्वयंपाक करणारी एक असते. पण दळण, पाणी, सरपण आणणारं कुणी नसेल, तर चूल पेटत नाही. दवाखान्याचंही तसंच आहे. सुई टोचणारे थोडे. बिनसुईची कामं करणारे पुष्कळ. अशी चार कामं आपण पाहू.

पहिलं काम केसपेपरचं. रोगी आला की त्याचं नाव, वय, गाव कागदावर लिहायचं. काम सोपं दिसतं, पण जोखमीचं आहे. एका गावात एकाच नावाच्या दोन बाया असतात. एकीचा कागद दुसरीच्या हाती गेला, तर औषध बदलेल. रक्त चढवायचं असेल, तर जिवावरच बेतेल. म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, गाव, सगळं विचारून लिहावं लागतं. लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवावं लागतं.

दुसरं काम लस पोचवण्याचं. बाळांच्या लसी २ ते ८ अंश थंडीत ठेवतात. ऊन लागलं तर लस वाया जाते. काही लसी गोठल्या तरी वाया जातात. म्हणून पेटीत ठेवायच्या बर्फाच्या कुप्या आधी थोडा वेळ बाहेर ठेवतात. हलवल्यावर आत पाणी वाजलं, की मगच पेटीत घालतात. ही पेटी आरोग्य केंद्रातून गावोगाव वेळेवर न्यायला माणूस लागतो. तो कुणाला टोचत नाही. पण तो वाटेत चहाला थांबला आणि पेटी उन्हात राहिली, तर टोचलेली लस फुकट जाईल. आईला वाटेल, बाळ सुरक्षित झालं. ते झालेलं नसेल.

तिसरं काम औषधांच्या कोठीतलं. खोकी मोजायची, नोंद ठेवायची. ज्या औषधाची मुदत आधी संपते, ते पुढं ठेवायचं. आपण जुनं धान्य आधी काढतो, तसंच हे. मात्र रोग्याला औषध देणं हे नोंदणी झालेल्या औषधनिर्मात्याचं काम आहे. १९४८ च्या कायद्यानं तसं ठरवलं आहे. मदतनिसानं ते करायचं नाही.

चौथं काम कचऱ्याचं. नाक मुरडू नका. वापरलेल्या सुईनं कावीळ पसरते. २०१६ च्या नियमांप्रमाणं रक्तानं भरलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो. प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत जातात. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात. काच निळ्या खोक्यात जाते. हे काम करणाऱ्याला कावीळ आणि धनुर्वाताची लस मिळाली पाहिजे, हातमोजे मिळाले पाहिजेत. तो त्याचा हक्क आहे. तो मागायला लाजू नये.

आता शिक्षणाचं बोलू. केसपेपरच्या खिडकीला बहुधा दहावी-बारावी आणि संगणक मागतात. तुम्ही नुकतं वाचायला शिकलात, म्हणून निराश होऊ नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा मोठ्या माणसांनाही देता येते. वयाला वरची मर्यादा नाही. पेटी नेण्याला आणि मदतनिसाच्या कामाला मात्र लेबल वाचता आलं, आकडे मांडता आले, वेळ पाळता आली, तर सुरुवात होते.

तीन गोष्टी गाठीला बांधा.

एक, दवाखान्यात काम करतो म्हणून गावात सुया टोचत हिंडू नका. लोक आग्रह करतील, 'डॉक्टरसाहेब' म्हणतील. भुलू नका. त्यात दुसऱ्याचा जीव जातो आणि आपल्यावर खटला होतो.

दोन, कागदावर वाचलेला कुणाचा आजार पारावर सांगू नका. एखाद्या लेकीचं लग्न त्यानं मोडेल. क्षयाचा रोगी लाजेनं उपचार सोडेल.

तीन, नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जिल्हा परिषदेत किंवा आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन विचारा. पगार किती, दर महिन्याला मिळतो की कामावर मिळतो, काम कायम आहे की कराराचं, हे आधी विचारा. यातली पुष्कळ कामं कराराची असतात. पगार बेताचा असतो. म्हणून बैल विकून, शेत मोडून एकदम उडी घेऊ नका. आधी चौकशी, मग निर्णय.

मंडळी, रोग्याच्या अंगाला हात न लावताही त्याचा जीव राखता येतो. त्याला नीट वाचणारे डोळे आणि नेमकं लिहिणारा हात लागतो. तो हात तुम्ही आता कमावता आहात. त्याचा उपयोग करा.