साडेतेरा वर्षांचे वरिष्ठ सभागृह : आयरिश सिनेटच्या निवडीची कथा



संस्था स्थापन होते तेव्हा उद्दिष्टांवरून सहसा वाद होत नाही. उद्दिष्टे सर्वांना मान्यच असतात. वाद होतो तो कार्यकारी मंडळावर कोणी बसावे आणि त्यांना कोणी बसवावे, यावरून. सारेच सभासद वर्गणीदारांनी मते देऊन निवडावेत, की काही जाणती माणसे ‘स्वीकृत’ म्हणून घ्यावीत? निवडून आलेल्यास पाठबळ असते, पण व्यासंग असेलच असे नाही. स्वीकृत सभासदाचा व्यासंग सर्वांना मान्य असतो. मात्र प्रसंग कठीण आला की ‘आपणांस कोणी निवडले?’ या प्रश्नापुढे तो निरुत्तर होतो. शंभर वर्षे चाललेल्या संस्थेच्या सभासदांना हा पेच अपरिचित नाही. हाच पेच 1922 साली आयर्लंडसारख्या नुकत्याच मुक्त झालेल्या राष्ट्रापुढे आपल्या संसदेचे वरिष्ठ सभागृह घडवताना उभा राहिला. त्या राष्ट्राने साडेतेरा वर्षांत तीन निरनिराळ्या रीतींनी सभासद निवडून पाहिले आणि अखेरीस ते सभागृहच मोडीत काढले. आपल्या राज्यसभेच्या घडणीशीही या हकिगतीचा एक धागा जुळलेला आहे.

6 डिसेंबर 1921 रोजी ब्रिटन आणि आयरिश प्रतिनिधी यांच्यात तह झाला. उत्तरेकडील सहा परगणे वगळून उरलेल्या आयर्लंडला स्वराज्य मिळाले. या नव्या राज्यात बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती. ब्रिटिश साम्राज्याशी एकनिष्ठ राहिलेले, बहुतांशी प्रॉटेस्टंट आणि पुष्कळसे जमीनदार, व्यापारी व पेढीवाले असे लोक मात्र संख्येने अल्प होते. काल सत्ता ज्यांच्या बाजूची होती, ते आज परक्यांसारखे झाले. कनिष्ठ सभागृहात, म्हणजे ‘डॉल’मध्ये, आपल्याला मूठभरही जागा मिळणार नाहीत, ही त्यांची धास्ती खोटी नव्हती. आयरिश पक्षाचे नेते आर्थर ग्रिफिथ यांनी त्यांना न्याय्य प्रतिनिधित्वाचे आश्वासन दिले होते. ऑगस्ट 1922 मध्ये ग्रिफिथ निवर्तले. परंतु त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेला शब्द घटनेत उतरवला. वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, रचनेमागे हा शब्द होता, हे विसरून पुढचा इतिहास समजणार नाही.

सिनेटमध्ये 60 सभासद असावेत, सभासदाचे वय किमान 35 वर्षे असावे आणि त्याची मुदत 12 वर्षांची असावी, असे घटनेने ठरवले. सभासद कोण असावा, याचीही कसोटी घालून दिली. ज्याने उपयुक्त लोकसेवेने राष्ट्राचा गौरव वाढवला आहे, किंवा जो आपल्या विशेष गुणवत्तेमुळे राष्ट्रजीवनाच्या एखाद्या महत्त्वाच्या अंगाचे प्रतिनिधित्व करतो, अशानेच तेथे यावे, हा तिचा आशय. कसोटी उदात्त होती. पण ती लावायची कोणी?

पहिल्या वेळेपुरती तडजोड अशी निघाली. 30 सभासद कनिष्ठ सभागृहाने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने निवडायचे. उरलेले 30 कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे प्रत्यक्षात पंतप्रधानांनी, नेमायचे. आणि नेमताना ज्या गटांना कनिष्ठ सभागृहात पुरेसे स्थान मिळालेले नाही, त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यायचे. मुदतीची वाटणीही मोठ्या हिशेबाने केली होती. नेमलेल्या तिसांपैकी चिठ्ठ्या टाकून निघालेल्या 15 जणांना 12 वर्षे, बाकीच्या 15 जणांना 6 वर्षे. निवडलेल्यांपैकी पहिल्या 15 जणांना 9 वर्षे, शेवटच्या 15 जणांना 3 वर्षे. यामुळे दर तीन वर्षांनी एक चतुर्थांश सभासद निवृत्त होणार होते.

डिसेंबर 1922 मध्ये डब्ल्यू. टी. कॉस्ग्रेव्ह यांनी नेमणुका जाहीर केल्या. त्यांनी ग्रिफिथ यांचा शब्द पाळला, किंबहुना अपेक्षेपेक्षा अधिक पाळला. नेमलेल्या तिसांपैकी निम्म्याहून अधिक जण पूर्वीचे साम्राज्यनिष्ठ होते. त्यांत उमराव होते, बॅरोनेट होते, पेढ्यांचे व कारखान्यांचे चालक होते. आयर्लंडमधील सहकारी चळवळीचे जनक सर होरेस प्लंकेट होते. कवी डब्ल्यू. बी. येट्स होते, त्यांना पुढच्याच वर्षी, 1923 साली, नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्य आणि साहित्यिक असलेले ऑलिव्हर सेंट जॉन गोगार्टी होते. संपूर्ण सिनेटमध्ये 36 कॅथलिक आणि 24 अन्यधर्मीय होते. इतिहासकार अ‍ॅलिस स्टॉपफर्ड ग्रीन यांच्यासह चार स्त्रियाही होत्या. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर अल्पसंख्यांना त्यांच्या वाट्याहून कितीतरी जास्त जागा मिळाल्या होत्या.

या सभासदत्वाचे मोल लगेचच द्यावे लागले. तहाला विरोध करणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांशी नव्या सरकारचे यादवी युद्ध चालू होते. सिनेटर म्हणजे सरकारचे आणि साम्राज्याचे हस्तक, अशी बंडखोरांची धारणा झाली आणि सिनेटरांची घरे एकामागून एक पेटवली जाऊ लागली. जानेवारी 1923 मध्ये गोगार्टींना घरातून पळवून नेण्यात आले. त्यांनी पहारेकऱ्यांना गुंगारा दिला, लिफी नदीच्या थंडगार पाण्यात उडी घेतली आणि पोहून जीव वाचवला. पुढच्या महिन्यात त्यांचे रेनव्हाइल येथील घर जाळले गेले. त्याआधी प्लंकेट यांचे डब्लिनजवळील घरही आगीत गेले होते. ज्याने खेडोपाडी दूधसंघ उभारून शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी आयुष्य वेचले, तो वृद्ध गृहस्थ त्यानंतर सिनेटचा राजीनामा देऊन इंग्लंडमध्ये राहावयास गेला. सिनेटचे काम मात्र थांबले नाही. अध्यक्ष लॉर्ड ग्लेनेव्ही यांच्या देखरेखीखाली विधेयके कलमवार तपासली जात राहिली आणि सिनेटने सुचवलेल्या पुष्कळ दुरुस्त्या सरकारने स्वीकारल्या.

परंतु नेमणूक ही केवळ आरंभापुरती व्यवस्था होती. दर तीन वर्षांनी रिकाम्या होणाऱ्या जागा जनतेने भराव्यात, असे घटनेचे म्हणणे होते; आणि त्यासाठी काढलेली युक्ती जगात क्वचितच कोणी योजली असेल. मतदारसंघ पाडले, तर स्थानिक पुढारीच निवडून येतील. म्हणून संपूर्ण देशाचा एकच मतदारसंघ करायचा. जितक्या जागा, त्याच्या तिप्पट नावांची यादी तयार करायची. त्यांपैकी दोन तृतीयांश नावे कनिष्ठ सभागृहाने सुचवायची आणि एक तृतीयांश सिनेटने. निवृत्त होणाऱ्या सभासदांनी इच्छा कळवली, तर त्यांचीही नावे त्यात घालायची. या यादीतून तीस वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांनी एकल संक्रमणीय मताने, म्हणजे नावांपुढे पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहून, निवड करायची.

17 सप्टेंबर 1925 रोजी ही निवडणूक झाली. मधल्या काळात रिकाम्या झालेल्या जागा धरून 19 सभासद निवडायचे होते. 57 सुचवलेली नावे आणि 19 निवृत्त होणारे, अशी एकूण 76 नावे मतपत्रिकेवर आली. डोनेगलच्या कोळ्याने आणि कॉर्कच्या दुकानदाराने त्याच 76 नावांतून राष्ट्राचा गौरव वाढवणाऱ्यांना क्रम लावायचा होता. त्यांतील बहुतेक माणसे त्याने कधी पाहिलेली नव्हती. उमेदवाराने साऱ्या देशभर हिंडावे, हेही शक्य नव्हते. प्रजासत्ताकवाद्यांनी निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. मतदान झाले ते सुमारे चौथाई.

या निवडणुकीत पराभूत झालेल्यांमध्ये एक नाव होते डॉ. डग्लस हाइड. त्यांनी 1893 साली गेलिक लीग ही संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला, खेड्यापाड्यांतून लोकगीते आणि लोककथा गोळा केल्या आणि मरू घातलेल्या आयरिश भाषेला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. फेब्रुवारी 1925 मध्ये सिनेटने त्यांना एका रिकाम्या जागेवर घेतले होते. सप्टेंबरमध्ये मतदारांनी त्यांना घरी पाठवले. घटनेतील कसोटी जणू या पुरुषाला समोर ठेवूनच लिहिली असावी, अशी ज्यांची योग्यता, ते त्या कसोटीसाठी घेतलेल्या निवडणुकीत हरले. मतदाराला दोष द्यावा असे यात काही नाही. गावच्या माणसाला पारखण्याची साधने मतदारापाशी असतात. 76 जणांच्या यादीतील राष्ट्रपुरुष पारखण्याचे साधन त्याला कोणी दिले नव्हते.

1925 च्या जून महिन्यात, या निवडणुकीपूर्वी, सिनेटमध्ये घटस्फोटाच्या प्रश्नावर चर्चा झाली होती. कॅथलिक बहुमताला घटस्फोटाची वाट बंद करायची होती. येट्स यांनी उभे राहून, आपण ज्या अल्पसंख्य समाजातून आलो त्याच्या वतीने, या बंदीचा कठोर निषेध केला. भाषण तिखट होते. अनेक सहकाऱ्यांना ते रुचले नाही. पण ज्या कारणासाठी सिनेट निर्माण झाले, ते कारण त्या दिवशी प्रत्यक्ष बोलले, असे म्हणावे लागेल. येट्स मतदारांपुढे जाऊन कधी निवडून आले असते असे वाटत नाही. नेमणूक होती म्हणूनच ते भाषण झाले; आणि नेमणूक होती म्हणूनच त्या भाषणामागे मतांचे वजन नव्हते. 1928 साली त्यांची मुदत संपली आणि ते बाहेर पडले.

त्याच वर्षी निवडीची रीत बदलली. 1925 च्या अनुभवाने सरकार धास्तावले होते. दरम्यान, 1927 साली एमन डी व्हॅलेरा यांचा फियाना फॉइल हा पक्ष कनिष्ठ सभागृहात येऊन बसला होता. देशव्यापी मतदानात आता तो पक्षही उतरेल, हे उघड होते. घटनादुरुस्ती करून जनतेचा मताधिकार काढून घेण्यात आला आणि दोन्ही सभागृहांच्या सभासदांनी मिळून सिनेटर निवडावेत, असे ठरले. मुदत 12 वरून 9 वर्षांवर आली, वयाची अट 35 वरून 30 वर. विधेयक रोखून धरण्याचा सिनेटचा अधिकार मात्र वाढला : पूर्वी 270 दिवस होता, तो सुमारे 20 महिन्यांचा झाला.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. आमदार मते देणार, म्हणजे पक्ष मते देणार. त्यामुळे 1928, 1931 आणि 1934 च्या निवडणुकांतून जे आले, त्यांत पक्षनिष्ठांचे प्रमाण वाढत गेले. राष्ट्रजीवनाची अंगे मागे पडली आणि पक्षांचे आकडे पुढे आले. ज्या क्षणी सभागृहाचे नैतिक वजन घटले, त्याच क्षणी त्याच्या हाती अधिक धारदार शस्त्र देण्यात आले. असे शस्त्र फार दिवस निभत नाही.

1932 साली डी व्हॅलेरा सत्तेवर आले. ब्रिटिश राजाशी एकनिष्ठतेची शपथ रद्द करण्याचे विधेयक सिनेटने अडवले; ते कायद्यात यावयास 1933 चा मे महिना उजाडला. 21 मार्च 1934 रोजी सिनेटने राजकीय गणवेशांवर बंदी घालणारे विधेयक फेटाळले. हे विधेयक मुख्यतः विरोधकांच्या ‘निळ्या सदऱ्यां’विरुद्ध होते. दुसऱ्याच दिवशी डी व्हॅलेरा यांनी सिनेट रद्द करण्याचे विधेयक मांडले. सिनेटने तेही नाकारले, विलंबाची मुदत संपेपर्यंत दिवस काढले आणि 29 मे 1936 रोजी ते सभागृह संपले. त्याच्या बचावासाठी लोक रस्त्यावर उतरले नाहीत. उतरावे तरी कोणी? नेमणूक झाली तेव्हा जनतेला विचारले नव्हते, 1925 साली विचारले ते जनतेला कळेल अशा रीतीने विचारले नव्हते आणि 1928 पासून विचारणेच बंद झाले होते.

डी व्हॅलेरा यांनी 1937 च्या नव्या घटनेत पुन्हा वरिष्ठ सभागृह आणले. त्यातही 60 सभासद : 11 पंतप्रधानांनी नेमलेले, 6 विद्यापीठांचे आणि 43 भाषा-संस्कृती, शेती, श्रम, उद्योग, लोकप्रशासन अशा पाच व्यवसायगटांच्या याद्यांतून निवडलेले. 1938 साली ज्या डॉ. हाइड यांना मतदारांनी तेरा वर्षांपूर्वी नाकारले होते, ते आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. 2013 साली हे सभागृहही रद्द करावे काय, असा कौल घेण्यात आला. तेव्हा अल्प बहुमताने जनतेने ते राखले. पहिल्या सिनेटला जे कधी लाभले नाही, ते दुसऱ्याला असे पाऊणशे वर्षांनी लाभले.

या हकिगतीचा आपल्याशी जुळणारा धागा येथेच सापडतो. भारताच्या घटनेची सिद्धता चालू असताना वरिष्ठ सभागृहातील काही जागा आयरिश धर्तीच्या व्यवसायगटांतून भराव्यात, अशी शिफारस झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने फेब्रुवारी 1948 मध्ये मसुदा सादर करताना ती बाजूला ठेवली. ही पद्धत तिच्या जन्मभूमीतच असमाधानकारक ठरली आहे, असे कारण समितीने नोंदवले आणि त्याऐवजी वाङ्मय, कला, शास्त्र इत्यादींतील जाणकार राष्ट्रपतींनी नेमावेत, असे सुचवले. मसुद्यातील 15 जागा अंतिम घटनेत 12 झाल्या. याच वाटेने भारतरत्न पां. वा. काणे आणि नाटककार मामा वरेरकर राज्यसभेत गेले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या काणे यांना कोणत्या मतदारसंघात जाऊन मते मागावी लागली असती, याची कल्पनाच केलेली बरी!

मसुदा समितीने घेतलेला बोध समतोल होता. बहुसंख्य जागा निवडून आलेल्या विधानसभांच्या मतांवर उभ्या केल्या, म्हणजे सभागृहाला आधार राहिला. थोड्या जागा गुणवत्तेसाठी राखल्या, म्हणजे त्याला आवाज राहिला. तथापि नेमणुकीची कसोटी कागदावर कितीही नेमकी असली, तरी ती लावणारा हात सत्तेचाच असतो. कॉस्ग्रेव्ह यांनी आपल्या कालच्या विरोधकांना नेमले. नेमणुकीचा अधिकार इतक्या उदारपणे वापरलेला क्वचितच आढळतो. यापुढे राज्यसभेवर, विधान परिषदेवर अथवा आपल्याच एखाद्या संस्थेवर कोणाची नेमणूक झाल्याचे वृत्त वाचनात येईल, तेव्हा वाचकाने नेमलेल्याची योग्यता जरूर पाहावी. त्याबरोबरच, जे नेमणाऱ्याला रुचणार नाही, ते बोलणारा एक तरी माणूस त्या यादीत आहे काय, हेही पाहावे.