पी.टी.च्या तासाची थकबाकी



आठवी ते दहावी पी.टी.च्या तासाला मी वर्गात बसून गणितं सोडवली. 'पोटात दुखतंय' या चिठ्ठ्या आईच्या अक्षरात मीच लिहायचे. सर आज समोर बसलेत, म्हणून सांगून टाकते.

वयाच्या 43व्या वर्षी मुलीला तलवारबाजीच्या क्लासला सोडायला गेले आणि बाकावर लॅपटॉप उघडून बसले. तिथले प्रशिक्षक माझ्याहून वीस वर्षांनी लहान. म्हणाले, "ताई, नुसत्या बसण्यापेक्षा उभ्या राहा की." या वेळी जवळ चिठ्ठी नव्हती.

तलवारबाजी म्हटलं की आपल्याला गड आणि मावळे आठवतात. फॉइलचा खेळ वेगळा. ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी खेळते ते सेबर. त्यात पात्याच्या कडेनेही वार चालतो. फॉइलमध्ये फक्त टोक टेकवायचं, तेही धडावर, पुढून किंवा पाठीवर. हात, पाय, डोकं धरत नाहीत. पातं जास्तीत जास्त 90 सेंटिमीटर, सगळ्या शस्त्राचं वजन अर्ध्या किलोच्या आत. बायकांसाठी हे ऑलिंपिकमध्ये 1924 पासून आहे, सेबर यायला 2004 उजाडलं.

माझ्यातल्या इंजिनिअरला आधी त्यातली वायरिंग आवडली. टोकाला स्प्रिंगचं बटण असतं. ते दाबलं की सर्किट तुटतं. टोक समोरच्याच्या जरीसारख्या धातूच्या जॅकेटवर असेल तर लाल किंवा हिरवा दिवा, दुसरीकडे कुठे लागलं तर पांढरा. पांढरा लागला की खेळ थांबतो, गुण मिळत नाही. वायर तुटली तरी पांढराच लागतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात माझी निम्मी शक्ती वायर तपासण्यातच गेली.

शिकायला सुरुवात होते ती पायांपासून. पुढचं पाऊल समोर, मागचं काटकोनात, टाचा एका रेषेत, गुडघे वाकलेले. पाच मिनिटांत मांड्या बोलायला लागतात. मग लंज, म्हणजे झेप. आधी हात सरळ करायचा, मग पुढचा पाय टाकायचा. नवशिक्यांचा पाय आधी जातो आणि हात मागून येतो. माझा आजही जातो.

ही चूक महाग का पडते, ते पहिल्याच सामन्यात कळलं. समोर बारा वर्षांची मुलगी, पाच गुणांचा सामना. ती आली की मीही घाबरून टोक पुढे करायचे. दोघींचे दिवे लागायचे आणि गुण तिला! दोघींचा स्पर्श बरोबर असला तरी हल्ला आधी कोणी सुरू केला, हे पंच बघतात. ज्याने हात आधी पुढे केला, हक्क त्याचा. तो हक्क हवा असेल तर आधी त्याचं पातं आपल्या पात्याने बाजूला सारायचं, त्याला पॅरी म्हणतात, आणि मग उलट वार करायचा. दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर कोणाची धरायची, हा माझ्या नोकरीतला रोजचा प्रश्न. तरी चार गुण जाईपर्यंत डोक्यात शिरलं नाही.

पाचव्या वेळी ती आली तेव्हा मी जागेवरून हलले नाही. तिचं पातं मनगटाने जरासं ढकललं, हात सरळ केला. एकच दिवा लागला, माझा. शाळेत ढीगभर बक्षिसं मिळाली, पण तेव्हा अशी किंचाळले नव्हते. पुढच्याच क्षणी तिने पाचवा गुण घेतला. 5-1. मग मास्क काढून रीतसर सलाम केला, हात मिळवला आणि मला म्हणाली, "काकू, पॅरी छान होती."

गाडीच्या डिकीत दोन फॉइल, दोन मास्क, दोन जॅकेटं आणि हातमोजे आहेत. जेवणानंतर पटांगणावर भेटू. जेवण जड झालं असेल त्यांनी पंच व्हावं. आणि सर, पोटात दुखतंय असं कोणी म्हणालं तर चिठ्ठी नीट तपासा.