चर्चची शाळा, आपली शाळा आणि पाचवीची भीती
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जून महिना लागला, की गोमंतकातील प्रत्येक मोठ्या गावात दोन शाळांच्या घंटा वाजतात. एक सरकारी मराठी शाळेची आणि दुसरी इगर्जीच्या आवारातील शाळेची. आज मी दुसऱ्या शाळेविषयी बोलणार आहे. मराठीच्या व्यासपीठावर ख्रिस्ती शाळेचा विषय कशाला, असे कुणी विचारील. उत्तर साधे आहे. त्या शाळेच्या बाकांवर आज आपल्या घरची मुले बसली आहेत. तेव्हा तिला नावे ठेवण्यापूर्वी तिच्यावरून काय काय गेले, हे समजून घेणे आपले काम आहे.

चर्च आणि आपल्या भाषा यांचे नाते आजचे नव्हे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले, ते मराठी ओवीत. ख्रिस्ती माणसाला त्याचा धर्म त्याला कळणाऱ्या भाषेत सांगावा, एवढे शहाणपण त्या इंग्रज पाद्र्याला होते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. हुकूम कागदावर राहिला आणि बोली चुलीपाशी जगली. हुकमाने भाषा मरत नाही, हा धडा तेव्हाचा. हुकमाने ती शाळेत रुजतही नाही, हा धडा आपल्या डोळ्यांदेखत मिळाला.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत खेडोपाडी सरकारी मराठी शाळा निघाल्या. चर्चच्या प्राथमिक शाळा बहुतांशी इंग्रजीत चालत. १९९० साली सरकारने ठरवले, की अनुदान हवे तर प्राथमिक शिक्षण प्रादेशिक भाषेतून द्यावे लागेल. चर्चपुढे दोन वाटा होत्या, मराठी किंवा कोंकणी. डायोसिझन संस्थेने आपल्या बहुतेक शाळा देवनागरी कोंकणीत नेल्या.

त्या वर्षीच्या पहिल्या दिवसाचा विचार शिक्षक म्हणून करा. ज्या बाईंनी एप्रिलपर्यंत इंग्रजीत धडे दिले, त्यांनी जूनमध्ये देवनागरीत फळा लिहायचा. मुलाच्या घरची प्रार्थनेची पुस्तके रोमी लिपीत, शाळेचे पुस्तक देवनागरीत. आईला वाचता येते ती लिपी एक, मुलाच्या पाटीवरची दुसरी. मग घरचा अभ्यास घ्यायचा कुणी? तरीही त्या बाईंनी ते काम निभावले. सुमारे वीस वर्षे निभावले. याबद्दल आपल्या बाजूने कौतुकाचा एक शब्द निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि मग २०११ चा जून आला. दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचे ठरवले आणि चर्चच्या शाळा पुन्हा इंग्रजीत गेल्या. ज्यांना देवनागरी हातवळणी पडली होती, त्यांनी पुन्हा फळा पुसला. भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे मराठीवादी आणि कोंकणीवादी एका व्यासपीठावर आले. शशिकलाताई काकोडकर त्यात अग्रभागी होत्या. २०१२ साली सरकार बदलले, पण मनोहर पर्रीकरांच्या सरकारनेही चर्चच्या शाळांचे अनुदान चालूच ठेवले. २०१४ च्या मे महिन्यात कर्नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम राज्य लादू शकत नाही, ते निवडणे पालकांकडे आहे. आंदोलन चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. मातृभाषेतून शिक्षण हे शास्त्र आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे आपण प्रशिक्षणात पहिल्याच महिन्यात शिकलो आणि ते खोटे ठरलेले नाही.

मग ही भाषा वीस वर्षांत पालकांच्या मनात का रुजली नाही? पालक इंग्रजीचे गुलाम आहेत, असे म्हणून आपण मोकळे होतो. ख्रिस्ती घरातला एक भाऊ बोटीवर, एक आखातात, तिसरा परदेशाच्या वाटेवर. त्या घराला इंग्रजी हवी यात नवल ते काय! पण त्याहून जवळचे एक कारण आहे. आपल्याकडे प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाचवीला मूल हायस्कुलात जाते आणि तिथे बहुतेक ठिकाणी गणित, शास्त्र, इतिहास सारे एकदम इंग्रजीत सुरू होते. चार वर्षे ज्या भाषेत मुलाने बोट धरून चालावे, ती एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हातातून सुटते. कोंकणीतून आलेल्या ख्रिस्ती मुलाचे जे होते, तेच मराठीतून आलेल्या आपल्या मुलाचे होते. आई चर्चची असो की देवळाची, ती पाचवीला घाबरते. आपण भांडलो पहिलीच्या माध्यमासाठी. पाचवीच्या उंबरठ्यावर मुलाला हात द्यायला मात्र कुणी उभे नव्हते, ना सरकार, ना चर्च, ना आपण मराठीवाले.

याचा परिणाम आपल्या हजेरीपटावर लिहिलेला आहे. पटावर मुले नाहीत म्हणून सरकारी प्राथमिक शाळांना कुलपे लागत आली. मराठीसाठी सभेत टाळ्या देणारा माणूस सकाळी नातवाला इंग्रजी शाळेच्या फाटकापाशी सोडून येतो. त्याला दोष देऊन एक मूलसुद्धा परत येणार नाही.

१६ जानेवारी १९६७ ला फूल हरले, दोन पाने जिंकली. ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग तेव्हा दोन पानांकडे गेला, कारण आपले काही हिरावले जाईल अशी त्याला भीती होती. भूमीचा तो निकाल मतपेटीने दिला. पण महाराष्ट्राशी आपले जे नाते ग्रंथांचे, कीर्तनाचे, नाटकाचे आणि शाळेच्या पुस्तकाचे आहे, त्यावर मतदान झालेले नाही. ते नाते टिकेल ते मराठी वाचणारे मूल आहे तोवरच. म्हणून सांगतो, भीती घालून माणसे दूर जातात हे एकदा पाहिले तेवढे पुरे.

आता करायचे काय? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एक दार किलकिले केले आहे. त्यात तिसरी, चौथी आणि पाचवी मिळून एक टप्पा धरला आहे आणि शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. म्हणजे चौथी आणि पाचवी यांच्यामधली भिंत कागदावर तरी पडली. ती वर्गात पाडणे आपल्या हाती आहे. मराठी शाळेतील मुलाला इंग्रजी हा विषय असा शिकवा, की चौथीच्या अखेरीस ते साधे इंग्रजी पुस्तक स्वतः वाचील. तिसरीपासून गणिताच्या आणि परिसराच्या तासाला मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहा. पाचवीच्या शिक्षकाला मे महिन्यात भेटा, आपली मुले त्याच्या हाती स्वतः सोपवा. याला सरकारी परिपत्रक लागत नाही. पाठाच्या टाचणात दोन ओळी वाढतील, एवढेच.

आणि इगर्जीच्या शाळेकडे जा. दोनदा माध्यम बदलूनही तिथे पालक टिकले, ते का, हे त्या बाईंना विचारा. तिथल्या वर्गात बसलेल्या आपल्या मुलांसाठी मराठी हा विषय नीट शिकवला जावा, अशी विनंती करा. मदतही देऊ करा. विनंती करणाऱ्याला दार उघडते. मोर्चा पाहिला की फाटक बंद होते.

यंदाच्या जूनमध्ये तुमच्या पहिलीत पाच मुले असतील, कुठे तीन असतील. त्यांच्या आयांना एवढेच सांगा, की तुमचे मूल पाचवीत अडखळणार नाही, ही जबाबदारी माझी. हे वचन दिले आणि पाळले, तर पुढच्या जूनमध्ये सहावे मूल आपणहून येईल.

जय गोमंतक, जय महाराष्ट्र!