विहिरीची खुशाली



नैसर्गिक वायूच्या विहिरींवर दुरून, बिनतारी यंत्रांनी ठेवायची देखरेख हा आजचा विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. महोत्सवात हे कशाला? परंतु त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदावरी आंध्रात जेथे समुद्राला मिळते, त्या कोनसीमेच्या नारळबागांत आणि भातखाचरांतच अशा विहिरी उभ्या आहेत. त्यांच्या शेजारी माणसे राहतात, म्हणून हा विषय केवळ यंत्रज्ञांचा उरत नाही.

या विहिरीला रहाट नसतो. जमिनीवर दिसतो तो झडपांचा उंच खांब. आतल्या नळीतील दाब, तिच्याभोवतीच्या आवरणनळीतील दाब, तापमान आणि वाहणाऱ्या वायूचे प्रमाण ही तिची नाडी. पूर्वी ती माणूस पाही. काट्यावरचा आकडा वहीत उतरवी आणि पुढच्या विहिरीकडे जाई. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तिचे काय चालले आहे, हे कोणालाच ठाऊक नसे. आवरणनळीतील दाब मध्यरात्री चढू लागला, तर ती आतल्या गळतीची सूचना असू शकते. ती सकाळपर्यंत तशीच पडून राही. कोंडलेला वायू काय करू शकतो, हे कोनसीमेने पाहिले आहे. जानेवारी १९९५ मध्ये पासर्लपूडी येथे खोदकाम चालू असताना विहीर उसळून पेटली आणि ६५ दिवस जळत होती. देखरेखीच्या यंत्रांनी ती आपत्ती टळली असती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

आता विहिरीपाशी एका पेटीत छोटा संगणक असतो, वर सौरपट्टी, खाली बॅटरी, बाजूला अँटेना. तो आकडे नियंत्रण कक्षाकडे धाडतो. हे सांगायला सोपे. खरी मेख पुढेच आहे. आकडा आला नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. गावाहून पत्र न येणे आणि ‘सर्व खुशाल’ असे पत्र येणे यांतील अंतर आपण जाणतो. तारेने जोडलेल्या उपकरणांत यावर जुनी, नामी तोड आहे. मापाचा संदेश ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत्प्रवाहाने जातो. दाब शून्य असला तरी ४ मिलिअँपिअर वाहतातच. तार तुटली, की प्रवाह खरोखर शून्यावर येतो. ‘दाब नाही’ आणि ‘निरोप नाही’ यांची गफलत होत नाही. बिनतारी उपकरणाला ही सोय नाही. म्हणून सांगण्याजोगे काही नसले तरी त्याने ठराविक वेळाने बोललेच पाहिजे, आणि वेळ टळली की पडद्यावरील जुना आकडा शिळा म्हणून दिसला पाहिजे. शिळा आकडा ताज्याच्या थाटात मिरवू देणारी यंत्रणा नसलेली बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे. अर्थात वारंवार बोलावे तर बॅटरी लवकर संपते. तो हिशेब प्रत्येक ठिकाणी निराळा मांडावा लागतो.

२००७ साली आलेल्या ‘वायरलेस हार्ट’ पद्धतीत आवारातील उपकरणे एकमेकांचे निरोपही पुढे पोहोचवतात. मध्ये लोखंडी टाकी आडवी आली, तर निरोप शेजाऱ्याच्या दारून जातो.

आणखी एक पथ्य ठिणगीचे. १९१३ साली वेल्समधील सेंघेनिदच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार दगावले. विजेच्या घंटेच्या तारांतील ठिणगी हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. त्यानंतरच्या संशोधनातून, बिघडले तरी वायू पेटवण्याइतकी ऊर्जा ज्यांत साठतच नाही, अशी उपकरणे घडू लागली. विहिरीवरील उपकरणांना आज तीच कसोटी लागते.

इतके असूनही या यंत्रांना सगळे दिसत नाही. २७ जून २०१४ रोजी पहाटे कोनसीमेतील नगरम गावी वायुवाहिनीतून गळती होऊन आग भडकली आणि २० हून अधिक माणसे मृत्यू पावली. दाबमापकाला नळाचा गंज दिसत नाही. लांब नळातील बारीक गळती तर मोजमापाच्या नेहमीच्या चुकीतच लपून जाते. मिथेनला स्वतःचा वास नाही. घरगुती वायूचा आपल्याला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणूनच वायुवाहिन्यांवरून आजही माणसे पायी फिरतात. हातात वायुशोधक यंत्र असते, आणि नजर नळावरच्या गवतावर. झिरपता वायू मुळांची हवा हिरावून घेतो, आणि भोवती हिरवे रान असताना तेवढाच एक पट्टा पिवळा पडतो.