सावित्री, रोजा आणि आपण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलावे असा आपण आग्रह केलात. मी काही वक्ता नव्हे. पण एका बोलपटाविषयी सांगावेसे वाटते. त्याचे नाव 'रोजा'. मणिरत्नम यांनी तो तमिळ भाषेत काढला व १९९२ च्या स्वातंत्र्यदिनी तो पडद्यावर आला. पुढे हिंदीतही झाला.

रोजा ही तमिळ मुलखातल्या खेड्यातील मुलगी. लग्न होऊन नवऱ्याबरोबर काश्मिरात जाते. तेथे अतिरेकी त्याला पळवून नेतात आणि आपला पकडलेला पुढारी सोडा म्हणतात. रोजाला हिंदीचे अक्षर येत नाही. तरी पोलीस, लष्करी अधिकारी, थेट मंत्री, सर्वांपुढे ती उभी राहते. १९९१ साली इंडियन ऑइलच्या एका अधिकाऱ्यास काश्मिरात खरोखरच असे पळवून नेले होते.

हे पाहताना मला १२ मार्च १९९३ चा शुक्रवार आठवला. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचा सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा थिएटर, मुंबईत जागोजाग बाँबस्फोट झाले. २५७ माणसे गेली. आमचे 'हे' तेव्हा वरळीला कामाला होते. कन्हेरीत रेडिओवर बातमी ऐकली आणि तव्यावरची भाकरी तव्यावरच करपली.

दुसऱ्या दिवशी मामंजींबरोबर एस.टी.ने मुंबई गाठली. मामंजी एका रांगेत, मी दुसऱ्या. इस्पितळाच्या खिडकीतल्या माणसाने विचारले, "पेशंटचे नाव?" भगिनींनो, नवऱ्याचे नाव घ्यावयाचे कसे, म्हणून मी गप्प! तो पुढच्याला हाक मारू लागला. तोच मागे उभी असलेली एक बुरखेवाली बाई मला म्हणाली, "बोलो बेटी, नाम लो. शरम कसली?" दोनच महिन्यांपूर्वी त्या शहरात हिंदु-मुसलमानांच्या दंगलीची आग पेटली होती. ती बाई आपल्या मुलाला शोधीत होती. तिच्या शब्दाने मला धीर आला. मी नाव घेतले. यादीत ते नव्हते. संध्याकाळी हे खोलीवर सुखरूप भेटले. त्या माउलीचा मुलगा सापडला की नाही, ते मला आजवर कळले नाही.

बोलपटातील लष्करी अधिकारी रोजाला सांगतो, त्या पुढाऱ्याला धरताना आमचे जवान खर्ची पडले आहेत. त्याचेही खरेच. आपल्या गावांतूनही मुले फौजेत जातात. माझे कुंकू राहावे म्हणून त्या जवानांचे मरण वाया घालवावे काय? याचे उत्तर मजपाशी नाही. मात्र रोजाने मागणे मागितले, यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

वटपौर्णिमेला आपण वडाला सूत गुंडाळतो. पण सावित्रीने सूत गुंडाळून सत्यवान परत आणला नाही. ती यमाच्या मागे चालत गेली आणि त्याच्याशी बोलली. हे बोलणेच आपण विसरलो.

म्हणून माझी एक सूचना आहे. घरातील प्रत्येक माणसाचे पूर्ण नाव, कामाचे ठिकाण व फोन नंबर प्रत्येकीने स्वतःच्या हाताने लिहून जवळ ठेवावा. जिला लिहिता येत नसेल तिला शेजारणीने शिकवावे. आणि खिडकीपाशी आपल्या पुढची बाई अडखळली, तर तिला म्हणावे, "बोल बाई, मी मागे उभी आहे."