नारळ राहून गेला

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नाटकाचा विषय निघाला की आपण नटांविषयी बोलतो, गायकांविषयी बोलतो. आज आम्ही नेपथ्य करणाऱ्या एका होतकरू मुलाविषयी बोलणार आहोत. आम्ही नाटकातले जाणकार नव्हे. स्थापत्याचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि रस्त्यांची, इमारतींची मापे घेण्यात वीस वर्षे गेली. म्हणूनच मंडळाने नाटक बसवायचे ठरवले तेव्हा 'स्टेजचे तेवढे तुम्ही बघा' म्हणून ते काम आमच्याकडे आले. आम्ही भालकी तालुक्यातल्या एका मुलाला गाठले. त्याचे नाव इथे घेत नाही, कारण ते त्याला आवडणार नाही.

चित्रकला शिकून तो कलबुर्गीत खोली घेऊन राहात होता. दिवसभर फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बॅनर करायचा, संध्याकाळी आमच्या तालमीला यायचा. वाटेत सुसला आणि मिरची भजी खाल्ली की जेवण झाले. रात्री खोलीवर पुठ्ठा कापून रंगमंचाचे छोटे मॉडेल करायचा. अर्धा इंच म्हणजे एक फूट, हे त्याचे प्रमाण. साडेपाच फुटी माणूस पावणेतीन इंचाचा होई. तो पुठ्ठ्याचा माणूस इकडून तिकडे फिरवत तो तासन् तास बसे.

पहिल्या दिवशी आम्ही त्याला बजेट सांगायला लागलो, तर त्याने आधी संहिता मागितली. पेन्सिल घेऊन कोण कुठून येतो, हातात काय असते, एवढेच त्याने टिपून घेतले. दाराची रुंदी विचारली तेव्हा आम्ही सवयीने तीन फूट म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, काकू नऊवारीत दोन्ही हातांत ताट घेऊन आत येते, आणि त्याच वेळी मुलगा रागाने बाहेर जातो. तीन फुटांत दोघे अडकतील." दार चार फुटांचे झाले. वीस वर्षे दारे मोजून आम्हाला जे सुचले नव्हते, ते त्याला संहिता वाचून सुचले.

दुसरी गोष्ट तो बिदरकडून शिकला होता. बिदरी भांडे तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाचे ते भांडे, त्यावर कोरून चांदी बसवतात. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप दिला की धातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच लखलखते. तो म्हणाला, "मागची भिंत रंगवायचीच नाही. काळे कापड लावू. तुळशीवृंदावन, दार आणि झोपाळा एवढेच उजळ दिसू दे." पैसे वाचले म्हणून समिती खूश झाली. खरे तर त्या काळोखामुळे वाडा खोल दिसू लागला होता.

काम तीन भाषांत चालायचे. सुतार अण्णा फळी धरून कानडीत 'स्वल्प मेले' म्हणायचे, म्हणजे जरा वर. लाइटवाले भाई दखनीत बोलायचे, आणि तालीम मराठीत. हा मुलगा तिघांच्या मध्ये शिडीवर उभा असे.

मंडळी, या कामाची परंपरा लहान नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव मेस्त्री, यांचा जन्म १८९० चा. ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. आनंदराव १९१६ मध्ये गेले. पुढे बाबूरावांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. ललितकलादर्श मंडळीचे पु. श्री. काळे यांचे पडदेही जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी होते. आणि आपल्याच गावाचे पाहा. इथल्या रंगमंदिराला नाव नटाचे नाही, चित्रकाराचे आहे. डॉ. एस. एम. पंडित १९१६ साली याच गुलबर्ग्यात जन्मले. त्यांच्या नावाच्या फलकाखालून आपण नाटकाला जातो, आणि तरीही रंगवणारा माणूस आपल्याला आठवत नाही.

आम्हालाही आठवला नाही. तेच सांगायला आज उभे राहिलो आहोत.

प्रयोगाला आठ दिवस असताना ठरलेले सभागृह मिळणार नाही असे कळले. आम्ही एका शाळेचा हॉल घेतला. तिथल्या छताची उंची कमी, विंगेत उभे राहायलाही जागा नाही. दहा फुटांचे फ्लॅट आत मावेनात. नटांना आम्ही लगेच फोन केले. त्याला मात्र दोन दिवसांनी सांगितले. तो काही बोलला नाही. टेप घेऊन आला, हॉल मोजला आणि दोन रात्री जागून सुतारांसोबत सगळे फ्लॅट कापून आठ फुटांवर आणले. दार तेवढे त्याने चार फुटांचेच ठेवले.

प्रयोग रंगला. काकू ताट घेऊन आत आल्या, मुलगा बाहेर गेला, दोघांना कुठे अडखळावे लागले नाही. शेवटी सत्कार झाले. नटांना, पेटीवाल्यांना, देणगीदारांना शाल आणि नारळ मिळाले. हॉल अकरापर्यंत रिकामा करून द्यायचा होता, म्हणून तो मागे खिळे काढत होता. त्याचे नाव कोणी पुकारले नाही. कार्यक्रमपत्रिकेतही ते छापले नव्हते. पत्रिकेचा मजकूर आम्हीच तपासला होता.

नंतर त्याची खर्चाची वही आमच्या हाती आली. कापड, प्लाय, खिळे, टेम्पोचे भाडे मिळून ४,३०० रुपये झाले होते. मंडळाने दिले होते ३,०००. उरलेले त्याने खिशातून घातले होते आणि मागितलेही नव्हते. त्याच्या मजुरीचा तर त्या वहीत रकानाच नव्हता. आम्ही पैसे घेऊन खोलीवर गेलो, तोवर तो हैदराबादला गेला होता. तिथे तो लग्नाचे मंडप सजवतो. पैसे बरे मिळतात, असे त्याचे काका म्हणाले. आम्ही ते १,३०० रुपये काकांकडे दिले. त्यांनी पावती विचारली, तीही आम्ही नेली नव्हती.

त्याला नाटकाची आवड कमी होती म्हणून तो गेला, असे म्हणणे सोपे आहे. पण रस्त्याच्या कामात आम्ही अंदाजपत्रकात मजुरीचा रकाना भरल्याशिवाय सही करत नाही. मग नाटकाच्या कामात तो रकाना कसा विसरलो?

यंदा समितीने आमच्या तीन सूचना मान्य केल्या आहेत. नेपथ्यकाराची मजुरी खर्चाच्या यादीत सर्वांत आधी लिहायची. संहिता त्याला नटांसोबतच द्यायची, आणि सभागृह बदलले तर पहिला फोन त्याला करायचा. पत्रिकेत त्याचे नाव दिग्दर्शकाच्या खालोखाल छापायचे.

दिवाळीनंतरच्या नाटकासाठी आम्ही त्याला फोन केला होता. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, हॉल नक्की झाला का?" आम्ही म्हणालो, झाला. मग त्याने विचारले, "रुंदी किती?"

उद्या सकाळी टेप घेऊन आम्ही मोजायला जाणार आहोत. ज्यांना वेळ असेल त्यांनी सोबत यावे. टेपचे दुसरे टोक धरायला एक माणूस लागतोच.

गणपती बाप्पा मोरया!